एका वेळी एकच आवाज

फोनवर कोणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, ही सवय मला हिराजी म्हात्रे यांनी लावली. नवरा त्यावरून मला अजून चिडवतो. "येताना दूध आण" म्हणाला तरी मी "येताना दूध आणते" असं पूर्ण म्हणते, नुसतं "बरं" म्हणत नाही. वीस-बावीस वर्षांत ही सवय हाडीमाशी खिळली. गेल्या वर्षापासून ती सोडायचा प्रयत्न करते आहे आणि ती काही सुटत नाही.

मी खताच्या कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले तेव्हा म्हात्रेकाका कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर होते. मी मूळची पेणची, अमोनिया फक्त बाटलीत पाहिलेला. काका इथलेच, रेवसच्या रस्त्यावरचे. "आमचं वावर कंपनीत गेलं, त्याच्या मागोमाग मी गेलो," असं ते नोकरी लागल्याची हकिगत सांगताना म्हणत. बुटके, काळे, छातीशी भरलेले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली इतका घट्ट, की जेवताना काढला तरी त्याचा वळ दिसायचा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी हजेरी घेतली. लॅबमधून तपासणीचा आकडा इंटरकॉमवर कंट्रोल रूमला सांगायचा असतो. मी सांगितला. पलीकडून तोच आकडा परत आला आणि "बरोबर?" असं विचारलं गेलं. मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांत काका लॅबच्या दारात हजर.

"मॅडम, हो हो म्हंजे काय? हो हो आपण घरात नवरा बोलत असला की बोलतो. हितं मी आकडा बोललो की तुमी आकडा बोलायचा. मंग मी व्हॉल्व्ह फिरवनार. तोवर न्हाय."

आणि आकडा माझ्या तोंडून वदवून घेऊनच ते गेले. मला भयंकर राग आला. एम.एस्सी. झालेल्या बाईला आयटीआयवाल्या माणसाने उभं करून पाढे म्हणायला लावावेत तसं वाटलं. कंपनीत त्यांना सगळे 'रिपीट' म्हणतात हे मला दुपारी जेवताना कळलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

हळूहळू मात्र असं झालं, की त्यांची शिफ्ट असली की लॅबमध्ये आम्हाला निर्धास्त वाटायचं. माणूस चिडका नव्हता, फक्त पद्धतीचा होता. पॅनेलवर धोक्याचा भोंगा वाजला की नवशिके आधी तो बंद करायला धावत. काका त्यांचा हात धरत. "त्याला वाजू दे. तो काय सांगतो ते बघ. बोलनाऱ्याचं तोंड दाबून काय कळनार तुला?" भोंगा वाजताना मशीन बंद करायचं नाही, नेमून दिलेल्या नंबरवर फोन करायचा, पलीकडचा जे सांगेल ते परत म्हणायचं, मग करायचं आणि वेळेसकट वहीत लिहायचं. ते चालू असताना दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. "एका वेळी एकच आवाज," असं म्हणून ते उजव्या हाताचा पंजा वर करत. तो पंजा वर गेला की सगळे चिडीचूप.

एकदा सरावाच्या वेळी, म्हणजे दरवर्षी अपघाताचा खोटाच प्रसंग रचून जी कवायत करतात तेव्हा, नवे मोठे साहेब कंट्रोल रूममध्ये येऊन उभे राहिले आणि उत्साहाच्या भरात मधेमधे हुकूम सोडू लागले. काकांनी मान न वळवता पंजा वर केला. साहेबांनी आयुष्यात कोणाचा पंजा पाहिला नसावा. ते आणखी मोठ्याने बोलू लागले. तेव्हा काका म्हणाले, "सायेब, कवायत संपली की मला सस्पेंड करा. आत्ता गप ऱ्हा." साहेब गप्प राहिले, आणि नंतर भाषणात त्यांनी काकांचं नाव घेऊन कौतुक केलं. काकांना कौतुकाचं विशेष काही वाटलं नाही. साहेबांनी भाषणात आकडा चुकीचा सांगितला, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

निवृत्त झाल्यावर अशा माणसाचं काय होणार, अशी मला काळजी होती. ती फुकट गेली. रेवसच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घराच्या पडवीत नवं ऑफिसच उघडलं. गावातल्या बायका मोबाइल घेऊन त्यांच्याकडे यायच्या. म्हावरं विकणाऱ्या, शाळेत खिचडी करणाऱ्या, मुलं मुंबईला असलेल्या. "काका, आज रात्री लाइट कापनार म्हनून मेसेज आलाय." "काका, खातं बंद व्हनार म्हनतोय कोनतरी." काका चष्मा लावून मेसेज मोठ्याने वाचत आणि फोन परत देत. "काय न्हाय. चोर हाय. बँक कदी फोन करून नंबर इचारत न्हाय. आन घाई कोन करतो? चोर. बँकेला कसली आलीय घाई? तू सकाळी गेलीस तर ती तुला दुपारी बोलवते."

मी सोडे न्यायला दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांच्याकडे जायची. शेजारची बाई कोलंबी सोलून उत्तम सोडे सुकवते, आणि काका माझ्यासाठी ठेवायला सांगत. एकदा मी पडवीत असतानाच असा एक फोन आला. काकांनी स्पीकर लावला. पलीकडचा माणूस हिंदीत घाईघाईने सांगत होता की केवायसी झालेलं नाही, खातं आज बंद होईल, कार्डावरचा नंबर सांगा. काकांनी त्याचं प्रत्येक वाक्य सावकाश परत म्हटलं आणि शेवटी "बरोबर?" असं विचारलं. मग त्यांनी कंपनीतला आपला जुना टोकन नंबर सांगितला आणि त्याला तो परत म्हणायला लावला. "गलत. फिरसे बोलो." तो परत म्हणाला. "बीचमें रुकना नहीं. फिरसे." पाचव्यांदा त्या माणसाने आईवरून शिवी घातली आणि फोन आपटला. पडवीतल्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसले. इतका हुशार माणूस आपल्या ओळखीचा आहे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

काकी जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगी, वैशाली. ती उरणला दिली होती. तिथलं तिचं काही जमलं नाही आणि ती परत आली. अलिबागला एका दवाखान्यात नर्स आहे. बापाच्या घरात परत आलेली मुलगी म्हटलं की गाव जे बोलायचं ते बोलतंच. काका कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी घराच्या बाजूला चिऱ्याचं जोतं बांधून घेतलं. त्यावर दोन खोल्या बांधायच्या, दार वेगळं, रस्त्याकडे उघडणारं, कागदावर नाव तिचं. "बापाच्या घरात न्हाय ऱ्हायची ती. बापाच्या शेजारी ऱ्हायची," ते मला म्हणाले. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी या खोल्यांसाठी बँकेत ठेवले होते. दिवाळीनंतर गवंडी येणार होता. वैशाली फार बोलणारी नाही, पण त्या दिवसांत तिने मला फरशीचे दोन नमुने दाखवून कुठला बरा असं विचारलं होतं.

आता त्या दिवसाबद्दल. खोल्यांचा नकाशा पंचायतीत द्यायचा होता आणि घरातला प्रिंटर चालेना. काका वैशालीच्या लॅपटॉपवर प्रिंटरवाल्यांची मदत शोधत बसले. कुठल्यातरी पानावर बोट पडलं आणि सगळा पडदा लाल झाला. मोठा भोंगा वाजू लागला. पडद्यावर लिहून आलं की मशीनमध्ये धोका आहे, मशीन बंद करू नका, खालील नंबरवर ताबडतोब फोन करा.

माझ्या नवऱ्याच्या बाबतीत हे झालं असतं तर त्याने लॅपटॉप बटण दाबून बंद केला असता आणि चहा टाकला असता. तेवढंच करायचं असतं. भोंगा खोटा, धोका खोटा, नंबर तर मुळातच चोराचा. बंद केलं की सगळं गेलं. पण आयुष्यभर ज्याने भोंगा बंद करणाऱ्यांचे हात धरले, त्याला हे कोण सांगणार? आणि काकांनी बायकांना शिकवलेली एकही खूण इथे लागू पडत नव्हती. फोन चोराचा आला नव्हता, काकांनीच केला होता. पलीकडच्या माणसाला घाई नव्हती. तो जवळजवळ चार तास शांतपणे बोलत होता.

हे सगळं मला ठाऊक आहे कारण काकांनी ते लिहून ठेवलं. वेळेसकट, शिफ्टच्या वहीत लिहायचे तसं, सुवाच्य अक्षरात.

"१०.४० – पडद्यावर लाल सूचना. भोंगा चालू. मशीन बंद केले नाही.

१०.४३ – सूचनेतील नंबरवर फोन केला. तांत्रिक विभागाचे साहेब लाइनवर. हिंदी बोलतात. सभ्य.

११.०५ – सांगितल्याप्रमाणे प्रोग्रॅम उतरवून घेतला. आता साहेब तिकडून मशीन पाहू शकतात व चालवू शकतात. भोंगा थांबला.

११.२० – काळ्या चौकटीत पुष्कळ ओळी. साहेब म्हणाले, एवढे लोक आत शिरले आहेत. ओळी वाचून दाखवल्या.

१२.१० – घरच्या फोनवर लॅबच्या बाईंचा फोन. लाइन मोकळी ठेवण्यास सांगितले.

१२.३५ – बँकेच्या खात्यावर हल्ला चालू आहे. रक्कम सुरक्षित खात्यात हलवायची. मोबाइलवर आलेला नंबर साहेबांना सांगितला. साहेबांनी रिपीट केला. बरोबर.

१.१५ – वैशाली घरी आली. हात वर केला. ती थांबली.

२.३० – काम पूर्ण. मशीनला चोवीस तास हात लावू नये अशी सूचना. टॅग लावला."

कंपनीत दुरुस्ती चालू असलेल्या मशीनला लाल पाटी बांधतात. ज्याने बांधली त्यानेच सोडायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा नियम आहे. काकांनी पुठ्ठ्याची तशी पाटी करून लॅपटॉपला सुतळीने बांधली. "काम चालू. हात लावू नये. हि. म्हात्रे." आणि चोवीस तास ते त्याच्यापाशी बसून ही वही फेअर करत होते.

दुसऱ्या दिवशी बरोबर अडीच वाजता, पाटी सोडायची परवानगी घ्यायला, त्यांनी त्या नंबरवर फोन लावला. नंबर बंद होता. वहीत पुढे दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार ओळी आहेत आणि चारही ओळींत 'नंबर बंद' एवढंच आहे. त्यापुढे कोरं.

खोल्यांसाठी ठेवलेले सगळे पैसे गेले, हे सांगायला वैशालीने मला फोन केला आणि आम्ही तिघं अलिबागला सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या अधिकारी बाई वयाने लहान होत्या. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "काका, इतकी व्यवस्थित तक्रार माझ्याकडे आजवर आली नाही," त्या म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, काकांचा चेहरा क्षणभर खुलला. मग बाई हळूच म्हणाल्या, "पण काल दुपारीच यायला हवं होतं हो. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे कुठेतरी अडवता येतात. आता ते कुठल्या कुठे गेले असतील. मी प्रयत्न करते, पण तुम्हाला आशा लावत नाही."

"काल कसं येनार?" काका म्हणाले. "चोवीस तास हात लावायचा न्हवता."

बाईंनी खाली बघून लिहायला घेतलं.

मी तोवर वही चाळत होते आणि माझी ओळ माझ्यासमोर आली. लॅबच्या बाईंचा फोन. तो मी सोड्यांसाठी केला होता. सोडे आलेत का, एवढंच विचारायचं होतं. काका म्हणाले, "इमर्जन्सी हाय, लाइन मोकळी ठेव." आणि मी काय म्हणाले? "लाइन मोकळी ठेवते." म्हणाले आणि ठेवली. निवृत्त माणसाच्या घरात कसली इमर्जन्सी, असं एकदाही विचारलं नाही. त्या वेळी पैसे अजून बँकेत होते. पुढे पंचवीस मिनिटं ते बँकेतच होते. त्या पंचवीस मिनिटांचा मी किती वेळा हिशेब मांडला आहे ते माझं मला माहीत.

परत येताना बसस्टँडवर काका पाण्याची बाटली आणायला गेले, तेव्हा वैशाली म्हणाली, "ताई, मी दारात उभी होते. पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता, बाबांचा हात माऊसवर नव्हता. मला दिसत होतं. आमच्या दवाखान्यात याच्यावर पोस्टर लावलंय, मी रोज त्याच्यासमोर उभी असते. पण बाबांनी हात वर केला. तो हात वर गेला की मी लहानपणापासून गप बसते."

मी तिला म्हणाले, त्यात तुझी काही चूक नाही. ती म्हणाली, "मग कोणाची?"

त्या माणसाविषयी मात्र काका पुढेही अनेक दिवस आदराने बोलत, हे मला सगळ्यात असह्य व्हायचं. "मानूस पद्धतशीर व्हता. आकडा सांगितला की परत बोलायचा. कंपनीत तीस वरसं बोंबललो, एवढं नीट रिपीट कोनी केलं न्हाय." मी एकदा चिडून म्हणाले, "काका, तो चोर होता." ते म्हणाले, "चोर व्हता. पन कामाला पक्का व्हता." मी उठून निघून आले होते.

पडवीतलं ऑफिस बंद पडलं. बायका पूर्वीसारख्या आल्या तर ते हात जोडत. "मला नको इचारू. मी फसलेला मानूस." काहीजणी तरीही येत राहिल्या, मग त्याही थांबल्या. त्यांतल्या एकीने पुढे वीजबिलाच्या मेसेजवर असेच पैसे घालवले. तिच्या नवऱ्याने येऊन काकांना सुनावलं, की तुम्ही सांगितलं असतंत तर ती वाचली असती. म्हणजे सांगितलं तरी लोकांनी हसायचं आणि नाही सांगितलं तरी दोष द्यायचा. बाजारात 'रिपीट' हे नाव कंपनीत असायचं त्याहून वेगळ्या सुरात ऐकू यायला लागलं. काकांना कमी ऐकू येतं अशातला भाग नव्हता.

गवंड्याने उतरवलेला चिरा परत उचलून नेला. जोतं तसंच राहिलं. शेजारीण त्यावर बोंबील वाळत घालते, जागा मोकळी आहे आणि ऊन चांगलं लागतं म्हणून. वैशालीने अलिबागला भाड्याची खोली घेतली. ती रविवारी येते, स्वयंपाक करून ठेवते आणि संध्याकाळच्या गाडीने जाते. दोघांचं त्या विषयावर एकदाही बोलणं झालेलं नाही. फरशीचे नमुने कुठे गेले, मी विचारलं नाही.

मी काकांकडे शेवटची गेले ती गेल्या उन्हाळ्यात. मला रेवसवरून बोटीने भाऊच्या धक्क्याला जायचं होतं. वेळ हातात होता म्हणून वाटेत उतरले. काका फार वाळले होते. त्यांनी चहा केला, माझ्या मुलीची चौकशी केली. बोलता बोलता ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तीन वाजले आणि मोबाइल वाजला. काकांनी चष्मा लावला, नंबर पाहिला आणि स्पीकर लावून फोन मांडीवर ठेवला.

"सर, नमस्ते. रिफंड विभाग से बोल रहा हूँ. आपका पैसा मिल गया है सर, बस फाइल की फीस बाकी है."

मी झटकन पुढे होऊन फोनवर हात ठेवला. "काका, हा चोर आहे. तुम्ही एकदा फसलात म्हणून तुमचा नंबर यांच्याकडे गेलाय. गेलेले पैसे आणून देतो सांगून आणखी काढतात. तुम्ही त्याला काही दिलंत?"

"न्हाय. पुडच्या म्हैन्याला देतो, असं सांगून ठेवलंय."

"कशाला?"

"न्हायतर तो फोन करायचा न्हाय." काकांनी माझा हात फोनवरून हळूच बाजूला केला. "चोर हाय ते म्हायत हाय मला, बाय. एवढी अक्कल ऱ्हायलीय. पन वैशालीच्या खोल्या व्हतील, असं आता कोन बोलतं? ती न्हाय बोलत. पोलीसबाई न्हाय बोलत. तू येतेस, तू बी न्हाय बोलत. हा रोज बोलतो."

"हॅलो सर? बेटी कैसी है सर? उसका घर बन जाएगा, आप चिंता मत करो."

"अच्छी है साहब," काका म्हणाले. "बोलिए."

एक ना एक दिवस ते त्याला पैसे देतील, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. "होतील काका, खोल्या होतील," एवढं मला म्हणता आलं असतं. खोटं ठरलं असतं, पण पलीकडचा तरी कुठे खरं बोलत होता? मी तोंड उघडलं आणि माझ्याने ते म्हणवलं नाही. बोट चुकेल असं काहीतरी पुटपुटत मी पर्स उचलली आणि पायऱ्या उतरले. रस्त्यापर्यंत काकांचा आवाज येत होता. खिडक्या कुठल्या बाजूला ठेवायच्या आहेत, ते त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत समजावून सांगत होते.